एम४ प्रो मॅक मिनी: संगीतनिर्मिती आणि प्रोग्रॅमिंग एकाच यंत्रावर

प्रोग्रॅमिंग हा ज्यांचा व्यवसाय आहे आणि उरलेला सगळा वेळ जे संगीतनिर्मितीला देतात, त्यांच्यापुढे दोन स्वतंत्र संगणक घ्यावेत की एकच चांगला घ्यावा, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मी ही दोन्ही कामे अॅपलच्या २०२४ च्या मॅक मिनी या छोट्या संगणकावर करतो. माझ्याकडील यंत्रात १४ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग) एम४ प्रो प्रोसेसर, ४८ जीबी मेमरी आणि १ टीबीची अंतर्गत डिस्क आहे. हे परीक्षण याच यंत्राचे असले तरी वेगचाचण्यांचे आकडे मी त्यात दिलेले नाहीत, कारण या दुहेरी वापरात यंत्राचा कस वेगळ्याच ठिकाणी लागतो. माझे मत आधीच सांगतो: ताकदीच्या बाबतीत हे यंत्र दोन्ही कामांना पुरून उरते, मात्र ती कामे एकमेकांच्या आड येऊ नयेत याची व्यवस्था वापरणाऱ्यालाच लावावी लागते, आणि ती नीट लावली तर दुसऱ्या संगणकाची गरज मला तरी वाटत नाही.

दोन्ही कामे जड आहेत असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यांच्या जडपणाची जात वेगळी आहे. मोठा प्रकल्प कंपाइल व्हायला, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राला चालवता येईल असे रूप बनायला, ४० सेकंदांऐवजी ४५ सेकंद लागले, तर कोणाचे काही बिघडत नाही. ध्वनीच्या बाबतीत अशी सवलत नसते. सेकंदाला ध्वनीची ४८,००० मोजमापे, म्हणजे नमुने, या दराने काम चालू असेल आणि बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा ध्वनीचा तुकडा, १२८ नमुन्यांचा ठेवला असेल, तर संगणकाला दर २.६७ मिलिसेकंदांनी ध्वनीचा पुढचा तुकडा तयार करून द्यावा लागतो. शंभर तुकडे वेळेआधी तयार झाले आणि एकाला उशीर झाला, तर त्या शंभरांचा काहीही उपयोग नसतो. कानात तडतड ऐकू येते आणि गायकाची चांगली जमलेली जागा वाया जाते. बफर १,०२४ नमुन्यांचा केला की मुदत २१.३ मिलिसेकंद होते आणि यंत्राला उसंत मिळते, पण मग कीबोर्डची पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा उमटतो. हवेतून एक मीटर अंतर कापायला ध्वनीला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, हे लक्षात घेतले तर काही मिलिसेकंदांचा विलंब वादकाला अगदी सहज खपतो. पण ध्वनी संगणकात येण्याचा आणि बाहेर जाण्याचा असे दोन्ही विलंब मिळून तो वाढू लागला की लय धरून वाजवणे कठीण होते. म्हणून प्रोग्रॅमरने संगणकाची सरासरी पाहावी आणि संगीतकाराने त्याचा सर्वांत वाईट क्षण पाहावा. एकाच यंत्रावर दोन्ही करणाऱ्याला या दुसऱ्या कसोटीनेच यंत्र पारखावे लागते.

या कसोटीवर मॅक मिनी चांगला उतरतो, आणि त्याचे बरेचसे श्रेय प्रोसेसरइतकेच कार्यप्रणालीलाही आहे. १४ कोअरपैकी दहा वेगवान आणि चार काटकसरी आहेत. २०२० मध्ये आलेल्या मॅकओएस बिग सरपासून ध्वनी-सॉफ्टवेअरला आपले थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी उपकामे, एका गटात बांधून, या सर्वांना एकच मुदत पाळायची आहे, असे प्रणालीला कळवता येते. ही सोय वापरणाऱ्या सॉफ्टवेअरचे थ्रेड काटकसरी कोअरवर जाऊन रेंगाळत नाहीत. तरीही दहा वेगवान कोअर आहेत म्हणून दहापट काम होईल, अशी अपेक्षा संगीताच्या बाबतीत ठेवू नये. एका ट्रॅकवर एखादा जड सिंथेसायझर आणि त्यामागे पाच-सहा प्लगइन (ध्वनी बनवणारी किंवा बदलणारी जोड-सॉफ्टवेअर) ओळीने लावले, तर प्रत्येकाला आधीच्याने दिलेला ध्वनी हातात आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. त्यामुळे ती सबंध साखळी एकाच कोअरवर चालते आणि बाकीचे कोअर रिकामे असले तरी तिला मदत करू शकत नाहीत. अशा वेळी एका कोअरचा वेग कामी येतो, आणि एम४ पिढीत तो उत्तम आहे. कंपाइलर याच्या उलट वागतो; तो दिसेल तो कोअर ताब्यात घेतो.

दोन्ही कामे एकाच वेळी चालवता येतात का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. ट्रॅकच्या मिश्रणाचे (मिक्सिंगचे) काम चालू असताना, म्हणजे बफर मोठा असताना, पार्श्वभूमीला कंपाइल चालले तरी अडचण येत नाही. बफर लहान असेल, तर कंपाइलची आज्ञा मी 'टास्कपॉलिसी' या मॅकओएसमध्येच असलेल्या साधनामार्फत पार्श्वभूमीच्या दर्जाने चालवतो. असे केले की ते काम चार काटकसरी कोअरवरच राहते. त्याला वेळ बराच जास्त लागतो, पण वेगवान कोअर ध्वनीसाठी मोकळे राहतात. हे साधन फार कमी लोकांना माहीत आहे याचे मला नेहमी आश्चर्य वाटते, कारण या दुहेरी वापरासाठी त्याच्याइतके नेमके दुसरे काही नाही. कोणी मायक्रोफोनसमोर उभे असेल तेव्हा मात्र मी कंपाइल, चाचण्या आणि कंटेनर (लागणाऱ्या सर्व गोष्टींसह बंदिस्त ठेवलेले प्रोग्रॅम) सगळे बंदच ठेवतो. यंत्राला ते झेपणार नाही अशी शंका त्यामागे नाही. गाणाऱ्याचा एक चांगला टेक पाच मिनिटांच्या कंपाइलपेक्षा कितीतरी मोलाचा असतो, एवढाच त्यामागचा विचार आहे.

यंत्र विकत घेताना जास्तीत जास्त विचार मेमरीचा करावा. प्रोग्रॅमिंगकडून मेमरीवर येणारा भार पूर्वीपेक्षा खूप वाढला आहे. मॅकवर डॉकर या साधनाचे कंटेनर थेट चालत नाहीत. त्यांच्यासाठी आत लिनक्सचे एक आभासी यंत्र चालू असते, आणि डॉकर डेस्कटॉपच्या मूळ मांडणीत त्या यंत्राला एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत हिस्सा घेण्याची मुभा असते. म्हणजे ४८ जीबीपैकी २४ जीबी संगीताच्या वाट्याला येणार नाहीत असे धरून चालावे लागते. मी ही मर्यादा सेटिंगमध्ये जाऊन कमी केली आहे आणि संगीताचा प्रकल्प उघडण्यापूर्वी डॉकर पूर्ण बंद करतो. दुसऱ्या बाजूला सॅम्पलर, म्हणजे वाद्यांचे मुद्रित स्वर (सॅम्पल) वाजवणारी सॉफ्टवेअर, असतात. प्रत्येक स्वराची सुरुवात ते मेमरीत तयार ठेवतात आणि उरलेला भाग वाजवताना डिस्कवरून वाचतात, कारण पट्टी दाबल्यानंतर डिस्ककडे जाऊन सुरुवात शोधायला वेळच नसतो. मोठ्या वाद्यवृंदाचा प्रकल्प या सुरुवातींनीच वीस-पंचवीस जीबी व्यापू शकतो. त्यात ब्राउझर आणि एडिटर उघडे असले आणि मेमरी अपुरी पडली, तर प्रणाली काही भाग डिस्कवर हलवते. एडिटरच्या खिडकीचा काही भाग असा हलला, तर ती उघडताना क्षणभर थांबल्यासारखे वाटते, इतकेच. वाजणाऱ्या स्वराचा भाग हलवला गेला, तर तो परत आणेपर्यंत २.६७ मिलिसेकंदांची मुदत टळून गेलेली असते. म्हणून अॅक्टिव्हिटी मॉनिटरमधील मेमरीच्या ताणाचा आलेख हिरवा आहे की नाही, याकडे प्रोसेसरच्या टक्केवारीपेक्षा जास्त लक्ष द्यावे.

ही मेमरी प्रोसेसरच्याच संचात बसवलेली आहे आणि नंतर वाढवता येत नाही. साध्या एम४ च्या मॅक मिनीत ती १६ जीबीपासून सुरू होऊन ३२ जीबीपर्यंत जाते, आणि एम४ प्रोमध्ये २४, ४८ किंवा ६४ जीबी असे पर्याय आहेत. ग्राफिक्सचे कामही याच मेमरीतून चालते, हे हिशेबात धरायला अनेक जण विसरतात. मोठे पडदे जोडणाऱ्यांनी ते विसरू नये.

साठवणीबाबत फार लिहिण्यासारखे नाही. सॅम्पलचे संग्रह थंडरबोल्टने जोडलेल्या बाह्य एसएसडीवर ठेवावेत आणि प्रोग्रॅमचा मजकूर अंतर्गत डिस्कवर राहू द्यावा. संग्रहात मोठ्या फायली सलग वाचल्या जातात, तर प्रोग्रॅमिंगच्या प्रकल्पात हजारो लहान फायली सतत बनतात आणि पुसल्या जातात. त्या वेगळ्या जागी असलेल्या बऱ्या. या लहान फायलींमुळे आणखी दोन गोष्टी जाग्या होतात. मॅकचा शोधक स्पॉटलाइट त्यांची सूची करू लागतो आणि दर तासाला चालणारे टाइम मशीन त्यांच्या प्रती घेऊ लागते. कंपाइलमधून तयार होणारे आणि बाहेरून आणलेल्या प्रोग्रॅम-लायब्ररींचे फोल्डर या दोन्हींतून वगळून टाकावेत. ते हवे तेव्हा पुन्हा तयार करता येतात, त्यामुळे नुकसान काहीच होत नाही.

सर्वांत मोठा पेच वेगाचा किंवा मेमरीचा नाही. तो कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्त्यांचा आहे. याबाबतीत संगीतकार आणि प्रोग्रॅमर यांच्या गरजा परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत. अनुभवी संगीतकार नवी आवृत्ती आली की थांबतो. त्याच्याकडे वेगवेगळ्या निर्मात्यांचे कित्येक प्लगइन असतात, त्यांतला प्रत्येक निर्माता आपल्या गतीने सुधारणा करतो, आणि एक जरी प्लगइन चालेनासा झाला तरी जुने प्रकल्प पूर्वीसारखे वाजत नाहीत. माझ्याकडील एका सिंथेसायझरचा निर्माता आता सुधारणा करतच नाही, आणि त्याच्यावर उभी राहिलेली माझी काही कामे मला गमवायची नाहीत. याउलट अॅपलच्या उपकरणांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला थांबण्याची मुभा नसते. एक्सकोड या अॅपलच्या सॉफ्टवेअर-निर्मितीच्या साधनाच्या १६.३ आवृत्तीला मॅकओएस १५.२ लागते, एक्सकोड २६ ला १५.६ लागते, आणि एप्रिल २०२५ पासून अॅप स्टोअरवर जाणारे अॅप एक्सकोड १६ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीनेच बांधलेले असणे बंधनकारक झाले. म्हणजे तोच माणूस सकाळी नव्या आवृत्तीचा गरजू असतो आणि रात्री जुन्या आवृत्तीचा. केवळ वेब किंवा सर्व्हरसाठी लिहिणाऱ्यांवर हा दबाव पुष्कळ कमी असतो. त्यांनी संगीताच्या कलाने चालावे आणि सुधारणा सावकाश कराव्यात.

ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी एक समाधानकारक मार्ग आहे. मॅकच्या एपीएफएस फाइलव्यवस्थेत एकाच डिस्कवर दोन स्वतंत्र मॅकओएस बसवता येतात आणि दोन्ही मिळून रिकामी जागा वाटून घेतात; अमुक इतकी जागा याला आणि तमुक त्याला, असे आधी ठरवावे लागत नाही. मी एक प्रणाली संगीतासाठी ठेवली आहे, जिच्या स्वयंचलित सुधारणा बंद आहेत आणि जिच्यावर डॉकर, डेटाबेस वगैरे काहीही बसवलेले नाही. दुसरी प्रोग्रॅमिंगची आहे आणि ती नेहमी अद्ययावत असते. एकीतून दुसरीत जायला यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. सुरुवातीला ही कटकट वाटते, पण त्यातून एक लाभ होतो ज्याची मी कल्पना केली नव्हती: संगीताच्या बाजूला गेल्यावर कामाचे निरोप, मेल आणि अपूर्ण राहिलेली चाचणी डोळ्यांसमोर येतच नाही, आणि एकाग्रता लवकर साधते. सॅम्पलची बाह्य डिस्क दोन्ही प्रणालींना दिसते, त्यामुळे संग्रह दोनदा उतरवावे लागत नाहीत. प्लगइनचे परवाने मात्र दोन्हीकडे कसे मानले जातात ते प्रत्येक निर्मात्याकडे आधी विचारून घ्यावे. हे यंत्र मॅकओएस सीक्वोयाबरोबर आले, म्हणून त्याहून जुनी आवृत्ती त्यावर बसत नाही, हेही जुन्या प्लगइनवर अवलंबून असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सुरू होताना प्रणाली निवडण्यासाठी यंत्राचे बटण दाबून धरावे लागते, आणि या मॅक मिनीत ते बटण तळाशी, मागच्या कोपऱ्यात आहे. एरवी त्याने फारसा फरक पडला नसता, कारण मॅक क्वचितच बंद केला जातो. दोन प्रणाली ठेवणाऱ्याने मात्र यंत्र रॅकमध्ये घट्ट बसवण्यापूर्वी बोटासाठी जागा राहील असे पाहावे, किंवा सेटिंगमधील स्टार्टअप डिस्कच्या पानावरून अदलाबदल करावी. मी दुसरा मार्ग वापरतो.

जुन्या प्लगइनचा विषय निघालाच आहे, तर रोझेटाबद्दलही सांगायला हवे. इंटेलसाठी बनलेले आणि अद्याप नव्या प्रोसेसरसाठी न बदललेले प्लगइन मॅकमधील रोझेटा या अनुवादक सोयीच्या आधाराने चालतात. अॅपलने २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे ही सोय सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७ पर्यंतच राहणार आहे. ज्यांचे काम अशा प्लगइनवर अवलंबून आहे त्यांनी त्या ट्रॅकचा ध्वनी फाइलरूपात उतरवून ठेवायला आजपासून सुरुवात करावी. ध्वनी-इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोन आणि स्पीकर संगणकाला जोडणारे उपकरण, निवडतानाही असाच पुढचा विचार करावा. ज्याला स्वतःचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) लागत नाही, असा यूएसबीच्या प्रमाणित वर्गात मोडणारा इंटरफेस घेतला, तर प्रणाली बदलताना काळजी राहत नाही. प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शिरणारे जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर बसवायचे तर यंत्राची सुरक्षा-पातळी खाली आणावी लागते, आणि ज्या यंत्रावर कामाच्या ठिकाणच्या सर्व्हरच्या किल्ल्या आहेत त्यावर मी ते कधीच करणार नाही.

जोडण्यांच्या बाबतीत एम४ प्रोच्या मॅक मिनीला मागे तीन थंडरबोल्ट ५, एचडीएमआय आणि इथरनेट, तर पुढे दोन यूएसबी-सी आणि हेडफोनची खाच आहे. जुन्या चौकोनी यूएसबी-एची एकही जागा नाही, त्यामुळे परवान्याची कळ, मिडी कीबोर्ड आणि जुनी साधने यांच्यासाठी हब घ्यावाच लागतो. इंटरफेस मात्र मी हबवर न ठेवता मागच्या एका जागेत थेट जोडला आहे. यंत्रात एक लहान स्पीकर आहे, ज्याचा आवाज संगीत ऐकण्याजोगा नाही. तरीही या दुहेरी वापरात तो फार उपयोगी पडतो. सेटिंगमध्ये इशाऱ्यांचे आवाज या अंगभूत स्पीकरकडे वळवून द्यावेत आणि संगीताचे सॉफ्टवेअर इंटरफेसकडे. मग टर्मिनलची घंटा किंवा संदेशाची टिंग मॉनिटर स्पीकरमधून मोठ्याने अंगावर येत नाही आणि गाणाऱ्याच्या हेडफोनमध्येही शिरत नाही.

यंत्राला पंखा आहे. हलक्या कामात तो ऐकू येत नाही. सर्व कोअर बराच वेळ राबले की त्याचा वेग वाढतो. मायक्रोफोन त्याच खोलीत असेल तर ध्वनिमुद्रणाच्या वेळी कंपाइल न करण्याचे हे आणखी एक कारण समजावे.

एकच यंत्र असण्याचा मला जाणवलेला सर्वांत मोठा आनंद दोन कामे एकत्र येतात तिथे आहे. मी स्वतःच्या वापरासाठी लहान प्लगइन लिहितो. सी++ मधील ज्यूस या चौकटीत लिहिलेला एकच मजकूर ऑडिओ युनिट आणि व्हीएसटी३ अशा प्लगइनच्या दोन्ही रूपांत बांधता येतो. मॅकओएसमधील ऑडिओ युनिट तपासण्याचे साधन तो ग्राह्य आहे की नाही ते सांगते, आणि पुढच्याच मिनिटाला तो खऱ्या प्रकल्पात, खऱ्या बफरवर वाजवून पाहता येतो. फाइल इकडून तिकडे नेणे नाही, दुसऱ्या यंत्रावर वेगळा परवाना नाही. चाचणीसाठी बांधलेली आवृत्ती कंपाइलरच्या सुधारणांशिवाय असते, त्यामुळे ती पुष्कळ संथ चालते, आणि तिने केलेल्या तडतडीवरून आपल्या प्लगइनचे मूल्यमापन करू नये. या कामासाठी मी रीपर हे संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर वापरतो. त्याची प्रकल्प-फाइल साध्या मजकुराची असते. ती गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवली की कोणत्या दिवशी कोणत्या ट्रॅकची पातळी बदलली ते ओळीओळीने दिसते. एबलटन लाइव्ह या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची प्रकल्प-फाइल म्हणजे दाबून लहान केलेला एक्सएमएल मजकूर असतो, म्हणून ती आधी उलगडावी लागते. ध्वनीच्या मोठ्या फायली गिटमध्ये कोंबू नयेत. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा. लुआ किंवा पायथॉन येणाऱ्याला रीपरमधली रोजची कंटाळवाणी कामे स्क्रिप्टने करून घेता येतात, आणि प्रोग्रॅमर असलेल्या संगीतकाराला याहून मोठे सुख कोणते असेल असे मला वाटत नाही.

ज्यांना मॅक नको आहे त्यांच्यासाठीही परिस्थिती पूर्वीपेक्षा चांगली आहे. लिनक्सच्या ६.१२ या नोव्हेंबर २०२४ च्या आवृत्तीत वेळेची हमी देणारा कर्नल मुख्य प्रवाहात आला, आणि रीपर व बिटविग ही दोन्ही सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालतात. अडते ते व्यावसायिक प्लगइनपाशी. विंडोजवर प्लगइनची कमतरता नाही. तेथे लिनक्सची उपप्रणाली वापरली तर तीही मूळ मांडणीत निम्म्या मेमरीवर हक्क सांगते, आणि एखादा बेशिस्त ड्रायव्हर ध्वनीची मुदत चुकवतो, म्हणून यंत्र घेतल्यावर लगेच लेटन्सीमॉन हे असा विलंब तपासणारे साधन चालवून पाहावे. ज्यांचे सर्व्हर इंटेल-पद्धतीच्या प्रोसेसरवर आहेत आणि ज्यांना तेच कंटेनर जसेच्या तसे चालवायचे आहेत, त्यांना मॅकवर ते अनुकरणाने, संथ गतीने चालताना दिसतील. अशांनी विंडोज किंवा लिनक्सचाच विचार आधी करावा.

मॅक मिनी घ्यायचे ठरले असेल आणि १४ कोअर की जास्त मेमरी अशी निवड करावी लागत असेल, तर १२ कोअरचा एम४ प्रो आणि ४८ जीबी मेमरी घ्यावी. दोन कोअर कमी असल्याने कंपाइलला थोडा वेळ जास्त लागेल, संगीताला फरक जाणवणार नाही. सॅम्पलचे मोठे संग्रह न वापरणाऱ्या, गिटार, आवाज आणि दोन-तीन सिंथेसायझरवर काम करणाऱ्या आणि कंटेनर क्वचितच चालवणाऱ्या माणसाला साधा एम४ आणि २४ जीबी मेमरी पुरेशी आहे. १६ जीबीचे यंत्र यांपैकी एकाच कामासाठी घेतले तर उत्तम चालेल. दोन्ही कामांसाठी ते घेऊ नये असे मी सांगेन.